मीठ कुणाचं खाल्लं? : आमच्या ग्रामपंचायतीस खुलं पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य आणि स्मृतिभिंत समिती,
आपलं गाव, ता. खटाव, जि. सातारा

विषय : शाळेपुढच्या भिंतीवरून वगळलेली तीन नावं आणि चावडीपुढचा दगड

सरपंचताई आणि मंडळी,
सप्रेम नमस्कार.

हा मजकूर मी चार महिन्यांपूर्वी साध्या अर्जात लिहून दिला होता. अर्जावर शिक्का बसला, पोच मिळाली, उत्तर नाही. मधल्या काळात भिंतीला ग्रॅनाइट लागला, सोनेरी अक्षरं कोरून झाली आणि उद्घाटनाची पत्रिका माझ्या मोबाइलवरही आली. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते. गावाचं नाव मुद्दाम गाळलंय. आपल्यातल्यांना ते माहीत आहे, आणि बाहेरचं कुणी वाचत असेल तर त्यानं आपल्या गावचं नाव घालून वाचावं. फार चुकणार नाही.

मी कोण, हे नव्या सदस्यांसाठी सांगते. खालच्या आळीतल्या, सॅपर आबा म्हणून ओळखले जायचे त्यांची नात. लग्न होऊन साताऱ्याला गेले, शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. आबांना जाऊन तीस वर्षं उलटली. 'सॅपर' शब्दाचा अर्थ गावात कुणाला ठाऊक नव्हता. आम्हा पोरांना वाटायचं ते त्यांचं आडनावच आहे.

भिंतीवर गावच्या स्वातंत्र्यसैनिकांची अठरा नावं आहेत. त्यातल्या एकाही नावावर माझी हरकत नाही, हे सुरुवातीलाच लिहिते, कारण मागच्या ग्रामसभेत माझ्या भावानं तोंड उघडलं तेव्हा त्याला ऐकवलं गेलं की तुम्हाला दुसऱ्यांचा मान बघवत नाही. असं काही नाही. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरची माणसं गोळीबारात पडली, त्या मोर्चात आपल्या गावचे गडी होते. पुढं पत्री सरकारच्या काळात ज्वारीच्या कणग्यांआड माणसं लपवणारी घरं आपल्याच गावची. ती नावं भिंतीवर हवीतच. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याच सप्टेंबरात आपल्या गावचे तीन तरुण सिंगापुरात तारेच्या कुंपणाआड बसलेले होते. त्यांचं काय?

समितीच्या बैठकीत एक सदस्य म्हणाले, असं मला सांगण्यात आलं, "ते आधी इंग्रजाचे नोकर, मग जपान्याचे. त्यांना कुठल्या यादीत घालायचं?" प्रश्न कुत्सितपणे विचारला असेल किंवा खरोखरच पडला असेल. मी तो खरा प्रश्न धरून उत्तर देते.

आबा फौजेत गेले ते पोटासाठी. यात लपवण्यासारखं काही नाही आणि आबांनी कधी लपवलंही नाही. आपला भाग कसला, तुम्ही जाणता. आज कालव्याचं पाणी फिरलंय म्हणून ऊस दिसतो. तेव्हा तीन सालांत एक साल पिकायचं. घरात चार भाऊ, जमीन पाच एकर, त्यातली दोन सावकाराकडं. भरतीवाला आला, छाती मोजली, आबा खडकीला गेले. बॉम्बे सॅपर्सचं केंद्र तिथं. रस्ते बांधणं, पूल उभारणं आणि वेळ आली की ते उडवणं, हे सॅपरचं काम. आबा म्हणायचे, "बांधाय शिकवाय सा म्हैनं लागलं, उडवाय शिकवाय आठ दिस."

मलायात त्यांना उडवण्याचंच काम जास्त पडलं. जपानी ८ डिसेंबर १९४१ ला कोटा भारूला उतरले आणि नंतरचे दोन महिने इंग्रजांची फौज दक्षिणेकडं मागं सरत राहिली. पुढचे पलटणवाले पूल ओलांडून आले की सॅपरांनी तो उडवायचा आणि पुढच्या पुलाकडं पळायचं. ३१ जानेवारीला सिंगापूर बेटाला जोडणारा जोहोरचा बांधसुद्धा उडवला. पंधरा दिवसांत, १५ फेब्रुवारी १९४२ ला, जनरल पर्सिव्हलनं शरणागती पत्करली. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर हिंदी सैनिकांना वेगळं काढून गोळा केलं. चाळीस-पंचेचाळीस हजार माणूस. इंग्रज अधिकाऱ्यानं हे सगळे जपान्यांच्या हवाली केले आणि तो निघून गेला. आबांच्या मनात सगळ्यात खोल रुतलेलं दृश्य हेच होतं. हार नव्हे. हार त्यांनी दोन महिने पाहिलीच होती. पण मेंढरांचा कळप मोजून देतात तसं त्यांना मोजून दिलं गेलं, आणि देणाऱ्यानं मागं वळूनही पाहिलं नाही.

त्याच मैदानावर कॅप्टन मोहनसिंगांनी आझाद हिंद फौजेची हाक दिली. आता मी जे लिहिते ते भिंतीच्या भाषणात शोभणार नाही, पण खरं आहे : आबांनी तेव्हा हात वर केला नाही. खाल्ल्या मिठाला जागायचं, एवढंच शिकलेला एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा होता तो. १ सप्टेंबर १९४२ ला पहिली फौज रीतसर उभी राहिली, सोळा हजारांच्या आसपास माणसं तिच्यात गेली, आबा छावणीतच राहिले. डिसेंबरात मोहनसिंगांचं आणि जपान्यांचं फाटलं, ती फौज मोडली. आबा मनात म्हणाले असतील, बरं झालं.

मग १९४३ चा जुलै आला. २ तारखेला सुभाषबाबू सिंगापुरात उतरले, ५ तारखेला त्यांनी नव्यानं उभ्या राहिलेल्या फौजेची सलामी घेतली आणि 'चलो दिल्ली'ची घोषणा दिली. आबांनी दुसऱ्या फौजेत नाव घातलं ते यानंतर. का घातलं, हे मी त्यांना शाळकरी वयात विचारलं होतं. पुस्तकातलं उत्तर हवं होतं मला, निबंधात लिहायला. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग जे बोलले ते निबंधात लिहिण्यासारखं मला तेव्हा वाटलं नाही. आज लिहिते.

"मीठ, मीठ म्हनत्यात. कुनाचं खाल्लं? ज्वारी आपल्या रानातली. मीठ कोकनातनं आलं, बैलावर घालून. इंग्रजानं त्येच्यात काय घातलं? त्येनं मिठावर कर घेतला. मग मिठाला जागायचं तर जागायचं कुनाला?"

सदस्य महाशय, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे असं मला वाटतं. 'इंग्रजाचा नोकर' हा हिशेब आबांनी छावणीत दीड वर्ष बसून स्वतःशी मांडला होता. आपण तो बैठकीत चहा पिता पिता मांडतो.

'जपान्याचा नोकर' हा दुसरा अर्धा भाग. जपान्यांनी आपल्या फौजेला काय मान दिला, याबद्दल आबांचं मत ऐकण्यासारखं होतं. मी ते इथं लिहू शकत नाही. १९४४ च्या इम्फाळ मोहिमेत आझाद हिंदच्या ब्रिगेडी पुढं गेल्या, १४ एप्रिलला मणिपुरातल्या मोइरांगला कर्नल शौकत मलिकांनी तिरंगा लावला. मग पाऊस लागला. रसद तुटली, तोफा नाहीत, विमानं नाहीत, औषध नाही. हिवताप आणि हगवण यांनी गोळीपेक्षा जास्त माणसं नेली. जुलैत माघार सुरू झाली. ब्रह्मदेशातल्या चिंदविन नदीपर्यंतची ती वाट आबांनी जंगलातला पाला उकडून खात काढली. इंग्रजांची विमानं वरून पत्रकं टाकत, परत या, म्हणून. बरेच गेलेही, भुकेल्या माणसाला मी दोष देणारी कोण? पण आबांनाही ती वाट मोकळी होती. एका रात्रीत कुंपण ओलांडलं असतं तर कदाचित पगार मिळाला असता, पुढं पेन्शनही मिळाली असती. ते गेले नाहीत. फौजेत शिरताना त्यांच्या मनात भूक किती, राग किती आणि देश किती होता, ते मला सांगता येणार नाही. मागं सरताना ते फौजेतच राहिले, हे मला माहीत आहे.

त्याच जुलै १९४४ मध्ये इटलीत, टायबरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे लढता लढता पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावला त्यांचा पुतळा आहे. असावाच. एकाच मुलखातली, एकाच ज्वारी-नाचणीवर वाढलेली पोरं जगाच्या दोन टोकांना दोन झेंड्यांखाली लढत होती आणि दोघांच्या घरी बातमी एकाच पोस्टमननं आणायची होती. घाडगे शूर म्हणून आबा गद्दार ठरत नाहीत आणि आबा स्वातंत्र्यसैनिक म्हणून घाडगे भाडोत्री ठरत नाहीत. गावाला एवढं एका भिंतीवर मावत नसेल तर भिंत लांब बांधावी.

आता तक्रारी.

पहिली. समितीनं निकष लावला : 'शासनमान्य कागद असेल तरच नाव.' ताम्रपट, सन्मान पेन्शन, तुरुंगाचा दाखला, यांपैकी काहीतरी. ऐकायला निर्मळ वाटतं. पण हा कागद मिळतो कसा, ते तुम्ही पाहिलं नाही, मी पाहिलंय. केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन योजना १५ ऑगस्ट १९७२ ला आली, १९८० मध्ये तिचं नाव बदलून निकष सैल झाले. आझाद हिंदवाले तिच्यात बसत होते. साधारण अट अशी की किमान सहा महिने कैद भोगल्याचा पुरावा हवा. आबा रंगूनला पकडले गेले, बोटीनं कलकत्त्याला आले, तिथून बंगालातल्याच झिकरगाछाच्या कैद्यांच्या छावणीत आणि शेवटी खडकीला. हो, त्याच खडकीला, जिथं ते रिक्रूट म्हणून गेले होते. ज्या रस्त्यावर कवायत शिकले त्याच्या आसपासच कुठंतरी तारेच्या आत बसले. ही कैद होती याबद्दल त्यांना शंका नव्हती. कार्यालयाला होती. कुठल्या कार्यालयाला, ते सांगत नाही. तिथले तेव्हाचे लोक आज नाहीत. डिस्चार्जचा कागद वाळवीनं खाल्लेला, तारखा उडालेल्या. मग सांगितलं, बरोबरच्या दोन कैद्यांची प्रतिज्ञापत्रं आणा. बरोबरचा एक रोहतककडचा, एक तमिळ मुलखातला, पत्ता कुणाचाच नाही. पुण्यापर्यंत आबांच्या तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, "माज्या डाव्या-उजव्या अंगाला झोपलेलं चिंदविनच्या काठाला पडलं. त्येंची सही कशी आनू?" चौथी खेप झाली नाही.

तेव्हा कागद नाही म्हणून सरकारनं पेन्शन दिली नाही, ते एक वेळ समजू शकते. पेन्शन सरकारी तिजोरीतून जाते, खोटे अर्जही भरपूर आले होते. पण गावाच्या आठवणीला कागद कशाला लागतो? आबा १९४६ साली रहिमतपूर स्टेशनात मीटरगेजच्या गाडीतून उतरले आणि चालत गावात आले, ते पाहणारी माणसं तुमच्या-माझ्या घरात होती. तुमच्या आजोबांनी पाहिलं होतं, सरपंचताई. त्यांनीच चावडीवर पाणी दिलं.

दुसरी. इंग्रजांनी सुटकेच्या वेळी या कैद्यांचे रंग पाडले होते : पांढरे, करडे, काळे. पांढरे म्हणजे निष्ठावान, ते पुन्हा फौजेत. काळे म्हणजे पक्के बंडखोर, ते बडतर्फ. करडे म्हणजे मधले, ज्यांच्यावर पक्का आरोपही नाही आणि विश्वासही नाही. त्यांना कमी करून घरी पाठवलं. आबा करडे. त्यांच्या नेत्यांवर लाल किल्ल्यात ५ नोव्हेंबर १९४५ पासून खटला चालला. शाहनवाज खान, सहगल, धिल्लाँ या तिघांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, देश उसळला आणि ३ जानेवारी १९४६ ला सरसेनापती ऑकिनलेकनं ती शिक्षा माफ केली. तिघे वीर म्हणून बाहेर आले. करड्याच्या मिरवणुका निघत नाहीत. स्वातंत्र्यानंतरही आपल्याच सरकारनं या लोकांना सैन्यात परत घेतलं नाही. लष्करात शिस्तीचा प्रश्न होता म्हणे. सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले आझाद हिंद फौजेत मेजर जनरल होते, पुढं ते केंद्रात उपमंत्री झाले, आणि त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण आमच्या सॅपरला साध्या रोडकामावर मुकादम म्हणूनही घेताना 'मागची नोकरी का सुटली' हे विचारलं गेलं. इंग्रजानं जो रंग दिला तोच समितीनं ऐंशी वर्षांनी पुन्हा दिला. इकडं बसत नाही, तिकडं बसत नाही.

तिसरी तक्रार माझ्या घरची नाही, पण ती मलाच लिहावी लागते कारण दुसरं कुणी उरलं नाही. वगळलेली नावं तीन आहेत. दुसरे गृहस्थ बौद्धवाड्यातले, रुग्णवाहिनीत होते, आबांबरोबरच आझाद हिंदमध्ये गेले आणि माघारीत हिवतापानं गेले. आबांनी त्यांना पुरलं. एक ॲल्युमिनियमचा मग त्यांनी आठवण म्हणून आणला आणि त्यांच्या आईकडं दिला. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका त्या मगाबद्दल सांगायच्या. ते कुटुंब पुढं मुंबईला गेलं, मग विषयच संपला. तिसरे वरच्या आळीतले. त्यांनी आझाद हिंदमध्ये जायला शेवटपर्यंत नकार दिला. अशा हजारो हिंदी कैद्यांना जपान्यांनी बोटीत कोंबून न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवर मजुरीला नेलं. उपासमार, मारहाण, वर दोस्तांचेच बॉम्ब. ते परत आले नाहीत. समितीच्या डोळ्यांपुढं हे नाव आलंच नसेल, कारण ते 'स्वातंत्र्यसैनिक' नव्हेत. पण आबा दर सर्वपित्री अमावास्येला त्यांच्या नावानं घास बाजूला काढायचे. दोघांनी परस्परविरुद्ध निर्णय घेतला होता, छावणीत त्यावरून भांडलेही होते. घास मात्र चुकला नाही. आबांना जे जमलं ते गावाला जमू नये?

चौथी तक्रार दगडाची, आणि इथं मला खरोखर राग आलाय.

चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी दगड होता. इंग्रजीत कोरलेला. पहिल्या महायुद्धानंतर असे दगड साताऱ्या-रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत बसवले गेले. मजकूर सगळीकडं जवळपास एकच : या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात अमुक माणसं गेली, त्यांपैकी अमुक जणांनी प्राण दिले. नाव एकही नाही, फक्त आकडे. आपल्या दगडावर एकोणतीस गेले आणि पाच मेले असं होतं. आपल्याच जिल्ह्यातलं अपशिंगे पाहा. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण पडले, गावानं ती आठवण जपली आणि 'मिलिटरी' हे बिरुदच नावाला जोडलं. आपण काय केलं? काँक्रीटच्या रस्त्यासाठी चावडीची भिंत मागं घेतली तेव्हा तो दगड निघाला. 'गुलामीची खूण आहे, परत बसवायची गरज नाही' असं ठरलं. लेखी ठराव नाही, तोंडी ठरलं. गेल्या दिवाळीत मी तो पाण्याच्या टाकीखाली पाहिला. उलटा पडलेला. त्यावर कपडे आपटत होत्या बायका. त्यांचा काय दोष, दगड गुळगुळीत आहे.

या दगडाचं आझाद हिंदशी एक नातं आहे, ते सांगते. ८ जुलै १९४५ ला सुभाषबाबूंनी सिंगापूरच्या समुद्रकाठी फौजेच्या अनाम मृतांसाठी स्मारकाची पायाभरणी केली. त्यावर तीन शब्द होते : इत्तफाक, एतमाद, कुर्बानी. एकजूट, विश्वास, बलिदान. स्मारक उभं राहून थोडेच दिवस झाले होते. सप्टेंबरात इंग्रज परत आले आणि त्यांनी ते पाडून टाकलं. का? तर ती त्यांच्या दृष्टीनं गद्दारीची खूण होती. पन्नास वर्षांनी, १९९५ मध्ये, सिंगापूर सरकारनं त्या जागी पुन्हा खुणेचा फलक लावला. म्हणजे नको असलेल्या शिपायांचा दगड पाडणं हे काम इंग्रजांनी एकदा करून दाखवलेलं आहे. आपण त्यांचाच कित्ता गिरवला, तोही स्वातंत्र्याच्या नावानं.

तो दगड साहेबानं बसवला हे खरं. पण ते एकोणतीस गडी साहेबाचे नव्हते. आबांचा सख्खा चुलता त्यात होता.

मागण्या मोजक्या आहेत, आणि त्यांचा खर्च उद्घाटनाच्या मांडवापेक्षा कमी आहे.

१) भिंतीवर तिन्ही नावं घाला. ग्रॅनाइटवर जागा नसेल तर शेजारी साधी पाटी चालेल. आबांच्या नावापुढं 'वीर' किंवा 'क्रांतिसूर्य' लिहू नका. 'बॉम्बे सॅपर्स, १९४३ नंतर आझाद हिंद फौज, खडकी छावणीत कैद' एवढंच लिहा. बाकी दोघांच्याही पुढं जे खरं ते लिहा. ज्यांनी नकार दिला त्यांच्यापुढं 'जपानी कैदेत मृत्यू' असं लिहा. तिघांत डावं-उजवं करू नका.

२) 'शासनमान्य कागद' हा निकष ग्रामसभेत ठराव करून बदला. कागद नसेल तिथं गावातल्या दोन घरांची साक्ष, जुनी पत्रं, फोटो, शाळेच्या दाखल्यावरची नोंद, असलं काहीही धरा आणि तसा उल्लेख नोंदवहीत करा. खोटी नावं घुसतील ही भीती रास्त आहे. म्हणून तर नोंदवही ठेवा, कुणी काय सांगितलं ते सहीनिशी लिहा, आणि कुणाची हरकत असेल तर तीही लिहा.

३) टाकीखालचा दगड काढून धुवा आणि चावडीपुढं सुलटा बसवा. शेजारी मराठी भाषांतर लावा. भाषांतर मी करून देते, फी नको.

४) ग्रामपंचायतीच्या शिक्क्यानिशी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडं पत्र पाठवा. १९९७ मध्ये संरक्षण मंत्रालयानं आझाद हिंद फौजेच्या ९९० फायली तिथं दिल्या आहेत. आपल्या तालुक्यातल्या माणसांच्या नोंदी त्यांत आहेत का, हे एकट्या नातीनं विचारण्यापेक्षा गावानं विचारलेलं बरं. आणि राज्य शासनाला ठराव पाठवा की आझाद हिंदमधल्या महाराष्ट्रातल्या शिपायांची जिल्हावार यादी मराठीत करावी. अधिकाऱ्यांची नावं पुस्तकांत सापडतात. शिपायांची नावं फक्त घरांत आहेत आणि ती घरं आता बंद पडत चालली आहेत.

आणखी एक, मागणी म्हणून नाही. उद्घाटनाच्या भाषणात वक्ते 'गावातल्या माताभगिनींचा त्याग' असं मोघम म्हणतील. आमच्या आज्जीचा त्याग काय होता ते सांगते, वक्त्यांना उपयोगी पडेल. १९४२ च्या उन्हाळ्यात तार आली, 'बेपत्ता'. मग तीन वर्षं काही नाही. पुढं कधीतरी मनीऑर्डरही थांबली. भावकी म्हणाली, कुंकू पूस, म्हणजे जमिनीचं नाव लावायला बरं. आज्जीनं पुसलं नाही. हळदीकुंकवाला तिला बोलावत नव्हते आणि विधवांच्या पंगतीतही ती बसत नव्हती. तीन वर्षं ती बाई पण करडीच होती. आबा आले त्या दिवशी ती रानात खुरपत होती, कुणीतरी पोर सांगायला पळत गेलं. तिनं पोराला विचारलं, "चालत आलं का कुनी आनलं?" चालत आले म्हटल्यावर तिनं उरलेली ओळ खुरपून पुरी केली आणि मग घरी आली. पाय सरकत नव्हते म्हणून, असं ती सांगायची.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. सूचना सात दिवस आधी चावडीवर लागते तीत तो छापलेला दिसावा; 'आयत्या वेळच्या विषयां'त नको, तिथं तो मागच्या वेळी राहून गेला. मी हजर राहीन. आबांचा वाळवीनं खाल्लेला डिस्चार्जचा कागद आहे तसा प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणते, ज्यांना वाचता येईल त्यांनी वाचावा. मतदानाची वेळ आली आणि नावं नाकारली गेली, तर नाकारणाऱ्यांची कारणं इतिवृत्तात लिहावीत, ही विनंती.

उद्घाटनाची पत्रिका मिळाली. त्या दिवशीही येईन, अठरा जणांसाठी.

आपली,
सॅपर आबांची नात